शेवटी चार उरतील

४ नोव्हेंबर

ताई,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तुला हसू येईल, आणि नुसतं ‘ताई’ लिहिलं तर म्हणशील, अकरा वर्षांनी ही कोण आली मला ताई म्हणणारी. म्हण. फक्त पत्र फाडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे.

आई बोंडाच्या विणीची टोपी करायची, ती तुला अजून येते ना? एका टाक्यातून पाच टाके काढायचे, तेवढ्या पाचांवरच पुढे-मागे चार ओळी विणायच्या, मग पाचांचा पुन्हा एक करायचा, की कापसाच्या बोंडासारखा टपोरा फुगवटा वर येतो. अशी बोंडं टोपीभर, खालच्या ओळीतल्या दोन बोंडांच्या मधोमध वरचं एक. तुझ्या हातात ती वीण होती. मी तेव्हा सुयांना हात लावत नव्हते, आता लावलाय.

तुला वाटेल, आजी व्हायची हौस. तीही आहे. लेकीला जानेवारीत बाळ होईल, तुला ठाऊक असेलच. ती तुला पत्रं लिहिते हे मला माहीत नाही, असं तिला वाटतं. तुझा पत्ता मी तिच्याच टेबलावरून उतरवून घेतला. तर ती म्हणते, “आई, तीन महिन्यांनी मी कामावर जाईन तेव्हा दिवसभर बाळाजवळ तू राहा.” डिसेंबर संपायच्या आत हो की नाही ते सांगायचं आहे. मी “बघू” म्हणाले आणि ती रुसली. बघू का म्हणाले, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, यांनाही नाही. तुला सांगते, कारण माझ्याबद्दलचं तुझं मत आणखी वाईट व्हायला जागाच उरलेली नाही.

मी विसरायला लागले आहे, ताई.

मी कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात गल्ल्याशेजारी बसते. गेल्या महिन्यात एका माणसाचा लांब कोट मी दुसऱ्याच्याच हातात दिला. चिठ्ठी कोटाला टाचलेली, नंबर समोर, आणि मी हसून दिला. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या मालक स्वतः तपासतो. घरी चहाची किटली दोनदा करपली. शेजारणीचं नाव परवा तिच्या तोंडावर आठवेना, तिला नुसतं “अहो” म्हणून वेळ मारून नेली. आईचं असंच सुरू झालं होतं, तू गेल्यानंतर दोन वर्षांनी. ती पासष्टीची होती. मी अजून पंचावन्नचीही नाही, पण आईपेक्षा मी पहिल्यापासून सगळ्यातच उतावीळ.

अशा माणसाच्या हातात कुणी तान्हं बाळ देतं का? मी त्याला अंघोळीच्या टबात ठेवून दार वाजलं म्हणून उठून गेले तर? मी हे रोज डोळ्यांसमोर बघते, दार कसं वाजतं इथपासून.

डॉक्टरकडे जायची छाती होत नाही. म्हणून मीच माझी परीक्षा लावली. ज्याचं डोकं जायला लागतं त्याला नवी गोष्ट शिकता येत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते विसरले. तर आईच्या वहीवरून ही टोपी जमली, तर लेकीला हो म्हणायचं. नाही जमली, तर नाही.

आता प्रश्न. वहीत सात टोप्या लिहिल्या आहेत, मी पहिली घेतली, तिचं अक्षर स्वच्छ आहे. शहाण्णव टाके घालायचे. बोंडांची पहिली ओळ: सात सुलट, एक बोंड, असं शेवटपर्यंत. ती बरोबर बसते. बोंडांची दुसरी ओळ: सुरुवातीला चार सुलट, मग एक बोंड सात सुलट, एक बोंड सात सुलट करत जा, शेवटच्या बोंडानंतर चार उरतील. माझे तीन उरतात. चार वेळा उसवलं, चारही वेळा तीन. माझा टाका कुठं गळतो ते दिसत नाही. तुझे चार उरायचे का?

धाकटी

१३ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं, तेव्हा तक्रार नाही.

लोकरीच्या दुकानात दर मंगळवारी दुपारी विणकामाचा वर्ग असतो, तिथं जायला लागले. दुकान म्हणजे एक लांबट खोली, छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर रंगवार गुंडे. मधे टेबल. टेबलाच्या टोकाला दुकानाच्या बाई बसतात, सत्तरीच्या असतील, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर आमच्या हातांवर. बोलणं असं, की फटका बसल्यावर दोन मिनिटांनी कळावं.

“तुमचा ताण बघा,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “लोकरीने तुमचं काय घोडं मारलंय? इतकं आवळता कशाला?”

आवळते कारण टाका सुटेल अशी भीती वाटते. हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी बोंड कसं करायचं ते पुन्हा दाखवलं, माझं पहिलं बोंड चेपून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे चांगलं आहे.” खरंच चांगलं आहे, ताई. बोंड मला जमतं. गाडं अडतं ते मोजण्यात.

काल पुन्हा तीन उरले. बाई म्हणाल्या, “कशावरून विणताय? नमुना दाखवा.” मी म्हणाले, डोक्यात आहे. वही पिशवीत होती, मांडीवर, आणि मी पिशवीवर हात ठेवून बसले. दाखवली असती आणि त्यांनी त्यावरून एका दमात बरोबर विणून दाखवलं असतं तर? मग काय उरतं? आई बरोबर, बाई बरोबर, आणि मी एकटी चुकलेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मला कुणी म्हणायला नको.

तीन की चार, एवढंच लिही. पत्र नको लिहूस, एका कागदावर आकडा लिही.

धाकटी

२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. आकडा मागितला होता, तू हुकूम धाडलास. “त्या वहीवरून विणू नकोस.” बस्स. अकरा वर्षांत एक ओळ, आणि तीही नकाराची.

राग आला म्हणून तीन दिवस लिहिलं नाही. वही माझ्याकडे राहिली हे तुला सलतंय, असं मला वाटलं, अजूनही वाटतं. पण वही माझ्याकडे आहे कारण आई माझ्याकडे होती. आणि आई माझ्याकडे का होती, ते आपल्या दोघींना माहीत आहे.

मार्चमधला तो रविवार. तू आणि आई तेव्हा त्या दोन खोल्यांत राहत होता. मी न कळवता आले तर दाराला बाहेरून कडी. आत आई रडत होती. मी कडी काढली तशी ती माझ्या गळ्यात पडली. “थोरलीने मला कोंडलं. दोन दिवस खायला दिलं नाही.” मी तिचं तोंड पाहिलं, सुकलेलं होतं. तेवढ्यात तू जिन्यावरून आलीस, हातात पिशवी, आणि म्हणालीस, “ती बाहेर जाते गं. परवा चौकात अनवाणी सापडली. तिचं काहीतरी बिघडलंय, मी तुला सांगणारच होते.” मी म्हणाले, “स्वतःच्या आईला वेडी ठरवतेस?” मामा आले, शेजारी जमले, मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, आणि त्याच संध्याकाळी आईला घेऊन गेले. तू आठवड्यात गाव सोडलंस.

आई तेव्हा ठणठणीत होती. माझ्याकडे आल्यावर ती तुझ्याच आठवणीने खचली, आणि दोन वर्षांनी डॉक्टरांनी तो आजार सांगितला. मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगत आले. यात खोटं काय आहे?

ती गेली ते तुला दोन दिवस उशिरा कळलं असेल. गडबडीत राहून गेलं.

मी त्याच वहीवरून विणणार.

धाकटी

५ डिसेंबर

ताई,

आजचं पत्र भांडायला नाही. मला फार भीती वाटते आहे.

सोमवारी मी दुकानात इस्त्री तशीच ठेवून पुढे आले. इस्त्रीचं काम माझं नाही, इस्त्रीवाली मुलगी सुट्टीवर होती म्हणून करत होते. वास आला तोवर एका बाईचा पांढरा झगा पाठीवर जळला होता, इस्त्रीच्याच आकाराचा डाग. मालक म्हणाला, “एक आठवडा घरी आराम करा.” प्रेमाने म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी सगळं मोजते. जिन्याच्या पायऱ्या एकोणीस. गॅसचं बटण बंद, हात लावून बंद, पुन्हा हात लावून बंद. यांनी विचारलं, “तुझं काय चाललंय?” मी म्हणाले, झुरळ दिसलं. हे गॅसखाली झुरळ शोधत बसले बिचारे. लेकीचा रोज फोन, “ठरलं का गं?” मी म्हणते, टोपी होऊ दे. तिला वाटतं आई थट्टा करते. टोपी बारा वेळा उसवली आहे, लोकर आता केसाळ झाली. तीन उरतात. कधी मीच मोजताना चुकते आणि चार येतात, आनंदाने पुन्हा मोजते, तर तीन.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, जी कुणालाच माहीत नाही. आई माझ्याकडे आली त्या पावसाळ्यानंतर मीही तिच्या दाराला बाहेरून कडी लावायला लागले. डॉक्टरांनी आजार सांगायच्या कितीतरी आधी. मला कामावर जायचं असे, हे फिरतीवर, लेक शाळेत. दुपारी येऊन काढायचे. एकदा यायला उशीर झाला तर ती दाराशी जमिनीवर बसून होती, दाराला नखांनी ओरखडे काढलेले. मी ते दार रंगवून घेतलं. कुणी विचारलं तर सांगितलं, रंग उडाला होता.

मी तुला ज्यासाठी गाव सोडायला लावलं तेच मी केलं, आणि मला कुणीही काही म्हणालं नाही. आता माझ्या दाराला कडी लावायची पाळी कुणाची, हे मी रोज मोजते. यांची की लेकीची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आईच्या पाठी तो खराच होता.

काही लिहू नकोस. नुसतं वाच.

धाकटी

१० डिसेंबर

ताई,

आज मी बाईंना वही दाखवली.

वर्ग संपला, बाकीच्या उठल्या, मी बसून राहिले. बाई म्हणाल्या, “घरी कुणी वाट बघणारं नाही का?” मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “तुम्ही यावरून विणून दाखवा. माझ्याने होत नाही. माझं डोकं चालेनासं झालंय.” त्यांनी पाण्याचा पेला सरकवला आणि चष्मा वर ढकलून वाचायला लागल्या. सुया हातातही घेतल्या नाहीत. बोटाने टेबलावर मोजलं.

“बारा आठे शहाण्णव, पहिली ओळ ठीक. दुसरी. सुरुवातीला चार. बारा बोंडं, मधे अकरा वेळा सात म्हणजे सत्त्याहत्तर. चार आणि बारा आणि सत्त्याहत्तर, त्र्याण्णव. मग शहाण्णवात उरणार तीनच की हो. चार कुठून आणणार? सुरुवातीला तीन घ्यायला हवेत, तेव्हा शेवटी चार उरतील.”

मी म्हणाले, “पण आईचं लिहिलेलं आहे.”

“आईचं असेल. चुकलंय.”

“मला वाटलं, नाचता येईना...”

“कधीकधी अंगणही वाकडं असतं, बाई,” त्या म्हणाल्या.

ताई, सव्वा महिना मी बरोबर मोजत होते. तीन उरले त्या प्रत्येक वेळी बरोबर. मला रडू आलं आणि हसूही. बाई तोवर पुढची पानं उलटत होत्या. एकदम थांबल्या.

“किती टोप्या म्हणालात यात?”

“सात.”

“सात नाहीत. ही एकच टोपी आहे. सात वेळा लिहिलीय.”

मी वही ओढून घेतली. मागच्या पानांचं अक्षर गिचमिड म्हणून मी ती कधी नीट वाचलीच नव्हती, आकडे वेगळे दिसले म्हणून टोप्या वेगळ्या समजले. प्रत्येक पानावर वर तेच. “बोंडाची टोपी. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.” प्रत्येक पानावर जणू पहिल्यांदाच. एका पानावर सुरुवातीला पाच, एका पानावर सहा, एका ठिकाणी एका टाक्यातून नऊ काढायला सांगितलेत. आणि वर तारखा, आईच्या सवयीप्रमाणे वर्षासकट. नऊ जानेवारी ते सत्तावीस जानेवारी. त्याच वर्षीच्या. आपल्या मार्चच्या आधीच्या.

जी बाई डोळे मिटून ही टोपी विणायची, ती अठरा दिवसांत सात वेळा ती लिहून ठेवत होती आणि लिहिलेलं विसरत होती. तू त्याच दोन खोल्यांत होतीस. तुला तेव्हाच दिसलं होतं. तू जिन्यावर उभी राहून मला सांगितलंस आणि मी मामांसमोर तुझ्यावर थुंकायचं बाकी ठेवलं.

सातव्या पानावर नमुना अर्धाच आहे. दुसऱ्या ओळीपाशी थांबलाय. खाली लिहिलंय, “शेवटी किती उरतात ते थोरलीला विचारायचं. ती रागवत नाही.”

बाईंनी वाचलं. त्यांनी दाराची पाटी उलटी करून दुकान बंद केलं आणि माझ्याजवळ बसून राहिल्या.

वहीवरून विणू नकोस, एवढंच तू लिहिलंस. कारण लिहिलं नाहीस. कारण एकदा सांगून पाहिलं होतंस.

धाकटी

२३ डिसेंबर

ताई,

टोपी झाली. सुरुवातीला तीन, शेवटी चार. प्रत्येक ओळीत बोंडं बारा, मोजली. मला वाटलं होतं, टोपी झाली की भीती जाईल. नाही गेली. म्हणून डॉक्टरकडे गेले, आणि या वेळी यांना सांगून गेले. हे दवाखान्यात माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते, नर्सने यांचंच आधी ब्लडप्रेशर घेतलं.

डॉक्टरणीने खूप प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, पाच शब्द सांगून पुन्हा विचारले. चार आठवले. शेवटी म्हणाली, “आत्ता तरी काळजीचं काही दिसत नाही. झोप कमी आहे, ताण आहे. सहा महिन्यांनी पुन्हा या.” बाकी सगळं ऐकून मी सुखावले, पण घरी आले ती ‘आत्ता तरी’ एवढंच घेऊन.

मग लेकीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. मार्च, तू जिन्यावर काय म्हणालीस ते, माझी कडी, रंगवलेलं दार. आणि हेही, की आई गेल्याचं तुला मी मुद्दाम उशिरा कळवलं, तू वेळेवर येऊ नयेस म्हणून. गडबड कसलीही नव्हती. तुला मागे लिहिलं ते खोटं होतं. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, “मावशीने मला यातलं कधीच काही सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, तुझी आई आजीचं खूप करत होती.”

हे ऐकून मला तिथं बसवेना, ताई. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

ती म्हणते बाळाजवळ तूच राहा. दुपारी जावई एकदा घरी येऊन जाईल, अंघोळ ती स्वतः सकाळी घालेल, आणि किटली फेकून विजेची घेऊ, आपोआप बंद होणारी. मी हो म्हणाले. भीत भीत म्हणाले, पण म्हणाले.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून ती मागत नाही. दुसरं एक मागते, आणि ते फक्त तुझ्याकडेच मागता येतं.

उद्या माझं खरंच सुरू झालं, तर एक दिवस लेक माझ्या दाराला कडी लावेल. लावावीच लागेल, मला माहीत आहे. आणि मी जो कुणी दारात येईल त्याच्या गळ्यात पडून सांगेन, पोरीने मला कोंडलं, उपाशी ठेवलं. माझं तोंडही सुकलेलं असेल. लोकांना पटेल. यांना तर आधी पटेल. मग पोरीला सगळ्यांसमोर बोलतील, आणि ती मुकाट्याने ऐकून घेईल, ती तुझ्यासारखीच आहे.

त्या दिवशी तू ये. मी कितीही रडले, तुझे पाय धरले, तरी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तिच्या शेजारी जाऊन उभी राहा.

धाकटी